चिखलातून वाट काढणारे वाहन

मृगाचा पाऊस दमदार झाला की काळ्या मातीच्या मुलखात पाणंदी बंद होतात. उन्हाळ्यात ज्या वाटेने खताची पोती भरलेली ट्रॉली धूळ उडवीत गेली, त्याच वाटेवर आठ दिवसांनी रिकामी गाडीही आसापर्यंत रुतून बसते. शेतीची व संसाराची कामे मात्र या दिवसांत थांबत नाहीत. बियाणे बांधावर पोचवावयाचे असते, दूध रोज संकलन केंद्रावर जावयाचे असते, वस्तीवरील आजारी माणसाला दवाखान्यात न्यावयाचे असते. अशा वेळी कोणती गाडी निघेल, असा प्रश्न गावात विचारला जातो व त्याचे उत्तर बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यांत दिले जाते. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर रुतला, तर साठ अश्वशक्तीचा मागविला जातो; आणि तोही पहिल्याच्या शेजारी रुतल्याचे दृश्य ग्रामीण कार्यकर्त्यांच्या परिचयाचे आहे.

बिनरस्त्याच्या जागी वाहनाचे चालणे मुख्यतः जेथे चाक जमिनीला टेकते तेथे ठरते. इंजिनाने कितीही जोर निर्माण केला, तरी तो मातीने झेलल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. माती किती भार सोसते, किती जोर झेलते, आणि चाक तिचा उपयोग कसा करून घेते, हे समजून घेतले म्हणजे गाडीची निवड, तिची हाताळणी व रुतलेली गाडी काढण्याची रीत या तिन्ही बाबतींत होणाऱ्या चुका टाळता येतात. यांतील शेवटच्या चुकीने माणसाचा जीव जातो. म्हणून हा विषय केवळ सोयीचा मानता येत नाही.

माती काय झेलते

सर्व मातींचा स्वभाव एक नसतो. नदीपात्रातील वाळू किंवा माळावरील मुरूम घेतला, तर त्याचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. त्यांच्यावर भार पडला की ते एकमेकांत अडकतात व घसरण्यास विरोध करतात. भार जितका अधिक, तितका विरोध अधिक. चाकावरील वजन येथे उपयोगी पडते.

काळ्या मातीचे तसे नाही. तिच्यात चिकणमातीचा अंश मोठा असतो, आणि ही चिकणमाती पाणी शोषून फुगणाऱ्या जातीची असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात त्याच भेगा मिटून माती लोण्यासारखी होते. पूर्ण भिजलेल्या अवस्थेत तिच्या कणांतील अडकण जवळजवळ नाहीशी होते व केवळ चिकटपणा उरतो. हा चिकटपणा वजन वाढवून वाढत नाही. चाक जेवढ्या क्षेत्रावर टेकले असेल, तेवढ्याच प्रमाणात तो मिळतो. म्हणून मुरमाड चढावर घसरणाऱ्या गाडीत चार पोती टाकली तर ती चढून जाते, पण काळ्या चिखलात तोच उपाय केला तर गाडी आणखी चार बोटे खाली बसते. एका गावचा अनुभव दुसऱ्या गावी का चालत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

माती व चाक यांच्या या संबंधाचे पद्धतशीर शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यास उभे राहिले. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते एम. जी. बेकर यांचा जमिनीवरील वाहनगतीच्या सिद्धांतावरील ग्रंथ १९५६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पुढे चंद्रावर नेण्याच्या गाडीच्या रचनेतही त्यांचा भाग होता. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी ती गाडी चंद्राच्या धुळीत चालविली, तेव्हा तिला तारेच्या जाळीची लवचिक चाके होती व प्रत्येक चाकास स्वतंत्र विद्युत मोटर होती. चंद्रावरील धुळीत आणि विदर्भातील पाणंदीत फार अंतर असले, तरी गणित तेच आहे : भार किती, तो किती क्षेत्रावर विभागला आहे, आणि खालची माती त्याला किती विरोध करते.

हे गणित शेतकऱ्यासही करता येते. माणसे व सामान यांसह १,६०० किलोग्रॅम भरणारी जीप घेतली, तर प्रत्येक चाकावर सुमारे ४०० किलोग्रॅम भार येतो. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल, तर तो टायर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम दाब देतो. म्हणजे एका चाकाखाली सुमारे २०० चौरस सेंटिमीटर जागा आली; पसरलेल्या पंजापेक्षा थोडी मोठी. सारी गाडी अशा चार पंजांवर उभी असते. हवा निम्मी केली की टायर पसरतो, दाब सुमारे निम्मा होतो व जमिनीशी येणारा संबंध दुपटीच्या जवळ जातो. अनवाणी चालणारा ७० किलोग्रॅमचा मनुष्य एका पायावर भार घेतो, तेव्हा त्याच्या तळव्याखालील दाब सरासरीने अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास असतो, व साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचाही दाब साधारण तेवढाच असतो. त्यामुळे टनावारी वजनाचे ते यंत्र जेथे चालते, तेथे हलकी मोटार रुतते.

पाणंदीत गाडी घालण्यापूर्वी चालकाने खाली उतरून ती वाट पायी चालून पाहावी. जेथे माणसाचा पाय घोट्यावर जातो, तेथे रस्त्याच्या हवेवर असलेली गाडी घालणे म्हणजे संध्याकाळपर्यंतचे काम ओढवून घेणे होय. बरोबर एक काठीही असावी. ती चिखलात खुपसून पाहिली की खाली मुरूम किती खोल आहे ते कळते. वीतभर चिखलाखाली टणक मुरूम लागत असेल, तर अरुंद टायर चिखल कापून त्या मुरमावर टेकतो व गाडी सुखाने निघून जाते. अशा जागी हवा कमी करण्याची गरज नसते. काठी खालीच जात राहिली, तर मात्र टायर पसरट करून वरच्या थरावरच तरंगत जावे लागते. दोन्ही जागा वरून सारख्याच दिसतात.

बैलगाडी व तिचे चाक

लोखंडी धावेची बैलगाडी या नियमाला अपवाद वाटते. तिची धाव अरुंद असते, दाब मोठा असतो, चाकोरी खोल पडते. आणि तरीही ज्या वाटेने मोटार जात नाही तेथून ती जाते. याचे कारण असे की गाडीचे चाक केवळ वाहून नेण्याचे काम करते. ओढण्याचे काम बैलांचे खूर करतात. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. टेकताना तो फाकतो व उचलताना मिटतो, त्यामुळे चिखलातून तो सहज सुटतो. मोटारीचे चाक मात्र भार वाहते आणि त्याच जागी जमिनीला रेटा देऊन गाडीही ढकलते. ही दोन कामे एकाच चाकावर आल्याने त्याची परीक्षा अधिक कठीण होते.

जुन्या सुतारांनी चाक उंच ठेवले, त्यातही शहाणपण होते. मोठ्या व्यासाचे चाक खड्ड्यात कमी उतरते व पुढील उंचवटा त्याला कमी खडा वाटतो. ट्रॅक्टरची मागील चाके मोठी असण्याचे एक कारण हेच आहे. ट्रॅक्टरलाही आरंभी लोखंडी चाकेच होती. १९३२ साली अमेरिकेत अॅलिस-चाल्मर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला कमी हवेचे रबरी टायर बसविले. लोखंडी खुंट्यांवाचून ट्रॅक्टर शेतात ओढणार नाही, अशी त्या वेळी अनेकांची समजूत होती. ती काही वर्षांतच मागे पडली.

ट्रॅक्टरच्या टायरवर तिरपे उंच पट्टे असतात. ते मातीत शिरून तिला मागे रेटतात व चाक फिरताना त्यांच्या मधला चिखल बाहेर फेकला जातो. टायर बसविताना त्यांची दिशा पाहावी लागते. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले असता पट्ट्यांचे टोक वर दिसले पाहिजे. पंक्चर काढल्यानंतर टायर उलटा बसला, तर पट्ट्यांत चिखल भरून राहतो व चाक गुळगुळीत लाटण्यासारखे फिरू लागते. ही चूक रस्त्यावर लक्षात येत नाही, शेतात येते. टायरमधील हवेविषयीही असेच दुर्लक्ष आढळते. ट्रॉली ओढण्यासाठी भरलेली जादा हवा पेरणीच्या वेळी तशीच ठेवली जाते, आणि मग ट्रॅक्टर घसरतो, डिझेल जळते व दोष मात्र इंजिनाला दिला जातो. शेतकामासाठी किती हवा ठेवावी, हे ट्रॅक्टरसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत भारानुसार दिलेले असते.

भात खाचरात चिखलणी करताना लावण्यात येणारी लोखंडी पिंजऱ्याची चाके हा त्याच तत्त्वाचा आणखी एक उपयोग आहे. ती पाण्याखालच्या मऊ मातीत क्षेत्रही वाढवितात व पकडही देतात. ती लावून डांबरी रस्त्यावर मात्र जाऊ नये, रस्ता उखडतो.

जीपने काय शिकविले

बिनरस्त्याच्या वाहनाचे सर्व गुण एकत्र पाहावयाचे असतील, तर दुसऱ्या महायुद्धातील जीपइतके सोपे उदाहरण नाही. १९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना गती असलेल्या गाडीची मागणी नोंदविली. बँटम कंपनीने तिचा पहिला नमुना त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मेरीलँड राज्यातील सैनिकी तळावर हजर केला. पुढे विलीज व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर या गाड्या शेतांवर आल्या. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स हे वेल्समधील आपल्या शेतावर युद्धातील जुनी जीप वापरीत. तिच्या अनुभवातून लँड रोव्हर जन्माला आली व १९४८ साली अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ती मांडण्यात आली. शेतीची यंत्रे चालविण्यासाठी तिच्या इंजिनाची शक्ती बाहेर घेण्याची सोयही होती. भारतात महिंद्र आणि महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा विकासगटाच्या अधिकाऱ्यांना खेड्यापाड्यांपर्यंत नेणारी गाडी म्हणून जीपच पुढे आली. आणि पुढील कित्येक वर्षे खेड्यात जीप आली म्हणजे सरकार आले, असेच समीकरण होते.

त्या युद्धकालीन जीपचे इंजिन अवघे ६० अश्वशक्तीचे होते. आजच्या अनेक मोटारींची शक्ती त्याहून अधिक असते. तरीही जीप जेथून निघे तेथून त्या निघत नाहीत. याचे मर्म तिच्या गिअरांत आहे. नेहमीच्या गिअरपेटीशिवाय तिला एक दुय्यम पेटी होती. तिच्यातील सावकाश चालीचा गिअर टाकला म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे २५ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होई. वेग घटला तसा जोर वाढे. हिशेब केला तर चाकांशी मिळणारा हा रेटा, दातेचक्रांतील तूट वजा जाता, ९०० ते १,००० किलोग्रॅमच्या घरात येतो. आणि गाडीचे स्वतःचे वजन होते सुमारे १,१०० किलोग्रॅम. म्हणजे गाडी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतक्या जोराने ओढू शकत होती. ओल्या चिकणमातीत याच्या निम्माही जोर माती झेलीत नाही. मग त्याहून मोठे इंजिन बसवून काय साधणार? जास्तीचा जोर चाक जागच्या जागी फिरविण्यातच खर्च व्हावयाचा.

सावकाश गिअरचा दुसरा लाभ चालीचा आहे. इंजिन मंद ठेवले तर ती जीप माणसाच्या चालीने सरकत असे. क्लचवर पाय न ठेवता, झटका न देता, एकसारख्या गतीने चाक फिरत राहिले तर मातीचा वरचा थर तुटत नाही. एकदा चाक जागेवर गरगरले की ते वरची साय फोडून खालच्या अधिक ओल्या थरात उतरते, व तेथून पुढे प्रत्येक फेऱ्याला खोल जाते. चिखलात शिरण्यापूर्वीच योग्य गिअर टाकावा व मध्येच बदलू नये, ही जुन्या चालकांची शिस्त होती. आजही ती तितकीच योग्य आहे.

चारही चाकांना गती देण्याचे कारण याच दृष्टीने पाहावे. केवळ मागील चाके फिरत असतील, तर पुढील चाकांवरचा भार ओढण्याच्या कामी येत नाही. उलट ती चाके चिखल पुढे लोटीत अडसर होतात. चारही फिरली म्हणजे सर्व वजन कामास लागते, आणि पुढील चाकांनी दाबलेल्या वाटेवरून मागील चाके सुलभतेने येतात. अलीकडे पुढील चाकांनाही गती असलेले ट्रॅक्टर गावोगाव दिसू लागले आहेत. मात्र ज्या गाड्यांत पुढील चाकांची जोडणी हाताने घालावी व काढावी लागते, त्यांत ती कोरड्या डांबरी रस्त्यावर काढून ठेवली पाहिजे. वळणावर पुढील व मागील चाके सारखी अंतरे कापीत नाहीत. माती असते तेव्हा चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो, डांबरावर तो दातेचक्रांवर ताण होऊन बसतो.

एक चाक फिरते, दुसरे उभे राहते

रुतलेल्या गाडीचे एक चाक भिरभिर फिरते व दुसरे स्तब्ध असते, याचे शेतकऱ्यांस नवल वाटते. आसाच्या मध्यभागी जो जाड गोळा असतो त्यात डिफरन्शियल नावाची दातेचक्रांची जोडणी असते. वळताना बाहेरील चाकाला आतील चाकाहून अधिक फिरावे लागते. ते शक्य व्हावे म्हणून ती असते. परंतु तिचा स्वभाव असा की ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक लोण्यात असेल तर ते नाममात्र जोराने फिरते, आणि तेवढाच नाममात्र जोर टणक जमिनीवरील दुसऱ्या चाकाला मिळतो. म्हणून ते हलत नाही. चारही चाकांना गती असलेली साधी जीपसुद्धा पुढचे एक व मागचे एक चाक निसरड्यात असले की अडकते.

यावर ट्रॅक्टरमध्ये दोन उपाय दिलेले असतात, व खेदाची गोष्ट अशी की पुष्कळ चालकांना पहिला उपाय ठाऊकच नसतो. चालकाच्या बैठकीजवळ डिफरन्शियल बांधून टाकणारी एक दांडी किंवा पायपट्टी असते. ती दाबली की दोन्ही चाके एका आसाला ठोकल्यासारखी बरोबर फिरतात. ती चाक गरगरू लागल्यावर दाबू नये. क्लच दाबून, चाके थांबलेली असताना किंवा अगदी सावकाश फिरत असताना दाबावी, सरळ पुढे निघावे, व टणक जमीन येताच सोडावी. ती दाबलेली असताना ट्रॅक्टर वळविता येत नाही. बळेच वळविल्यास दाते तुटतात. दुसरा उपाय म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचे स्वतंत्र ब्रेक. मोकळे फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबला तर जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. हे दोन ब्रेक रस्त्यावर येताच एकत्र जोडून टाकले पाहिजेत. भर वेगात एकाच चाकाचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो.

पोटाची उंची

जमीन व गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतर हे तिच्या पोटाची उंची होय. जीपमध्ये हा भाग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा, आणि तो जमिनीपासून सुमारे २२ सेंटिमीटर वर होता. चाकोरी याहून खोल असेल, तर मधला उंचवटा त्या गोळ्याला लागतो, गाडीचे वजन चाकांवरून उतरून पोटावर येते, आणि मग चार चाकांची गतीही निरुपयोगी होते. म्हणून खोल चाकोरीत चाके न उतरविता एक चाक मधल्या उंचवट्यावर व दुसरे कडेने न्यावे. बांध किंवा ओढ्याची दरड ओलांडताना पुढील व मागील बाजूंचे कोन पाहावे लागतात. पुढील चाकापुढे गाडीचा भाग फारसा आला नसेल तर ती खड्या चढाला तोंड लावू शकते. जीपचा पुढील कोन ४५ अंशांचा व मागील ३५ अंशांचा होता, आणि दोन आसांतील अंतर केवळ दोन मीटर होते. लांब पिकअप गाडी त्याच बांधावर पोट टेकून तराजूसारखी झुलते.

ओढ्याच्या पाण्यात हेच पोट वेगळ्या रीतीने धोक्याचे ठरते. गाडीच्या तळाचे क्षेत्र ४ चौरस मीटर धरले, तर पाणी तळाच्या वर केवळ १० सेंटिमीटर चढले की ते सुमारे ४०० किलोग्रॅम भार उचलून धरते. चाकांवरचे वजन तेवढे घटते, पकड जाते, आणि वाहते पाणी गाडीला कडेला सरकवू लागते. पाणी वाहते असेल व तळ दिसत नसेल, तर गाडी जड आहे या भरवशावर कोणीही आत घालू नये. दोन फूट वाहत्या पाण्याने मोठ्या गाड्याही वाहून गेल्या आहेत.

रुतलेला ट्रॅक्टर

आता सर्वांत महत्त्वाच्या बाबीकडे वळावयाचे. ट्रॅक्टर रुतला की संध्याकाळ होत आलेली असते, वाफसा जाण्याची किंवा पुन्हा पाऊस येण्याची घाई असते, भोवती दहा माणसे सल्ला देत असतात, आणि चालक बहुधा घरचा तरुण मुलगा असतो. अशा वेळी कोणी तरी सुचवितो की मागील चाकांना आडवे लाकूड बांधावे, म्हणजे चाक त्यावर चढून बाहेर येईल. कधी ते निघतेही, आणि म्हणून ही रीत टिकून आहे. ती प्राणघातक आहे.

त्याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. इंजिन मागील आसाला फिरविते. चाक फिरू शकले तर ट्रॅक्टर पुढे जातो. परंतु चाक चिखलाने, लाकडाने किंवा दगडाने जखडले गेले, तर आस जागीच राहतो व इंजिनाच्या जोराने ट्रॅक्टरचे धडच आसाभोवती मागे फिरू लागते. पुढील चाके उचलली जातात. गुरुत्वमध्य एकदा आसाच्या मागे गेला की क्लच दाबूनही उपयोग नसतो, आणि ही सर्व क्रिया दीड सेकंदाच्या आत पुरी होऊ शकते. चालकाला काय घडत आहे ते कळेपर्यंत स्टिअरिंग छातीवर आलेले असते. ओढण्याची साखळी ड्रॉबारऐवजी आसाच्या वर किंवा वरच्या लिंकेला बांधली, तरी हाच परिणाम होतो. कारण ओढ जितकी उंचावरून, तितकी ती ट्रॅक्टरला मागे उलटविण्यास मदत करते.

म्हणून रुतलेल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत क्रम असा ठेवावा. प्रथम इंजिन बंद करावे व ट्रॉली सोडवावी. चाकांपुढील व पोटाखालील चिखल फावड्याने काढावा. ज्या वाटेने ट्रॅक्टर आत आला ती वाट दाबली गेलेली असते, म्हणून शक्य तेथे मागेच घ्यावा. मागे घेताना तो मागच्या बाजूस उलटण्याचा धोकाही पुष्कळ कमी असतो. चाकांखाली पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट किंवा गोणपाट घालावे. ही बिछायत मोकळी असावी, चाकाला बांधलेली नसावी, व ती घातल्यावर माणसांनी चाकांच्या पुढे-मागे उभे राहू नये. क्लच सावकाश सोडावा. पुढील चाके जराही उचललेली दिसली तर तत्काळ थांबून दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घ्यावी. त्या ट्रॅक्टरला साखळी फक्त ड्रॉबारला, म्हणजे आसाच्या पातळीखाली बांधावी. ताणलेली साखळी वा तारेचा दोर तुटला तर तो चाबकासारखा परततो. त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी, विशेषतः मुलांनी, थांबू नये, आणि दोरावर एक ओले पोते टाकून ठेवावे. चालकाखेरीज कोणीही मडगार्डवर बसू नये, हे सांगावयास नकोच. पण गावात सर्वांत अधिक मोडला जाणारा नियम हाच आहे. ज्या ट्रॅक्टरवर उलटण्यापासून संरक्षण देणारी लोखंडी चौकट आहे, त्यावर पट्टा बांधून बसावे. पट्ट्याविना चालक चौकटीच्या बाहेर फेकला जातो व तिच्याखालीच सापडू शकतो.

जीप किंवा पिकअप रुतली असेल तर टायरची हवा १५ ते १८ पौंडांपर्यंत उतरवून पाहावी. याहून कमी केली तर टायर रिंगवरून निसटण्याचा संभव असतो. बाहेर पडल्यावर गाडी माणसाच्या चालीने नेऊन, डांबरी रस्ता लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. त्यासाठी पायपंप गाडीतच ठेवलेला बरा.

वाफसा

गाडी चिखलातून निघाली म्हणजे काम झाले, असे शेताच्या बाबतीत म्हणता येत नाही. ओल्या काळ्या मातीत चाक फिरले की मातीतील पोकळ्या दाबल्या जातात, हवा व पाणी खाली जाण्याच्या वाटा बुजतात, आणि पिकाची मुळे त्या थराशी अडतात. वरच्या थराची दडपण टायरच्या दाबावर अवलंबून असते. ती हवा कमी केल्याने व मशागतीने काही अंशी सुधारते. खोलवरची दडपण मात्र आसावरील एकूण वजनावर अवलंबून असते व कुळवाच्या पात्याला ती लागत नाही. मोठा ट्रॅक्टर चिखलात चालतो म्हणून तो चिखलात घालावा, हा विचार म्हणून महाग पडतो.

वाफसा आला की नाही हे पाहण्यास उपकरण लागत नाही. चार बोटे खोलीवरची माती मुठीत घेऊन तळहातांमध्ये वळावी. शेवयांसारखी बारीक वळी न तुटता होत असेल, तर जमीन अद्याप ओली आहे. वळी तुटून माती भुरभुरू लागली की औत व चाक दोन्ही घालण्यास हरकत नाही.

घाईने जावेच लागले, तर शेतात ठरलेली एकच वाट धरावी. मातीवरील बहुतेक दडपण चाकाच्या पहिल्याच फेरीत बसते. पुढच्या फेऱ्यांनी त्यात थोडीच भर पडते. त्यामुळे दर वेळी नव्या कोऱ्या मातीवरून गेल्यास सारे शेत दडपले जाते, एका वाटेने गेल्यास दोन पट्टे. ही वाट बांधालगत ठेवावी, ट्रॉली तिच्यावरच उभी करावी, व पीक निघाल्यावर तेवढ्याच पट्ट्यांत खोल नांगरट करावी.